दसऱ्याच्या सुट्टीत क्रीट: बेळगावच्या एका प्रवाससंस्थेचे नियोजन कसे होते

बेळगावातील एका प्रवाससंस्थेकडून आम्ही ग्रीसमधील क्रीट या बेटाच्या आठ दिवसांच्या सहलीचा आराखडा करून घेतला आणि दसऱ्यानंतर तो प्रवास करून आलो. आम्ही ठरलेल्या गटाबरोबर गेलो नव्हतो. कोणता महिना योग्य हे सांगायचे, विमान, हॉटेल आणि गाडीचे आरक्षण करायचे, व्हिसाची कागदपत्रे लावून द्यायची आणि रोजचा कार्यक्रम लिहून द्यायचा, एवढे काम संस्थेकडे सोपवले होते व त्याचे चार माणसांसाठी बारा हजार रुपये तिने वेगळे घेतले. सुट्टी आणि तिकडचे हवामान यांची सांगड घालणे हे या कामाचे मर्म होते. ते संस्थेने बऱ्याच अंशी उत्तम केले, पण एका गोष्टीत ती चुकली आणि त्या चुकीची किंमत माझ्या लेकीला मोजावी लागली. दोन्ही बाजू सविस्तर लिहीत आहे. संस्थेचे नाव मात्र देत नाही, कारण हे लिहिण्यामागे कोणाचे नुकसान करण्याचा हेतू नाही.

मी शाळेत शिक्षिका असल्यामुळे आमच्या घरचा प्रत्येक प्रवास शाळेच्या सुट्टीला बांधलेला असतो. आपल्याकडे कर्नाटकाच्या वेळापत्रकाप्रमाणे मोठी सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत असते, मधली सुट्टी दसऱ्याला मिळते आणि दिवाळीला मोजकेच दिवस हाती लागतात. माझी धाकटी बहीण गडहिंग्लजला दिलेली आहे. अंतर दोन तासांचेही नाही, पण तिच्या मुलांची मधली सुट्टी दिवाळीला पडते आणि आमच्या दसऱ्याच्या दिवसांत त्यांच्या सहामाही परीक्षेचा अभ्यास चाललेला असतो. दोन्ही कुटुंबांनी मिळून जावे अशी आमची फार इच्छा होती. सीमाभागातील कितीतरी घरांत हीच अडचण असेल, कारण सोयरीक दोन्ही राज्यांत आणि सुट्ट्या मात्र दोन तऱ्हांच्या.

संस्थेतील नियोजन पाहणाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच भेटीत टेबलावर एक लांब कागद पसरला. त्यावर बारा महिन्यांचे बारा रकाने होते. वरच्या ओळीत कर्नाटकाच्या सुट्ट्या, तिच्याखाली महाराष्ट्राच्या, आणि सर्वांत खाली क्रीटमधील पाऊस, हवेचे तापमान आणि समुद्राच्या पाण्याचे तापमान. दसऱ्याच्या तारखा त्यांनी लाल पेन्सिलीने खुणा करून दाखवल्या. २०२३ मध्ये दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला, आणि २०२६ मध्ये तो २० ऑक्टोबरला आहे. तीन आठवड्यांच्या या हेलकाव्याने आपल्या घरी विशेष काही बिघडत नाही, परंतु त्या बेटावर ऑक्टोबरच्या आरंभी आणि अखेरीस परिस्थिती पुष्कळ वेगळी असते. आरंभी समुद्रात पोहण्याचा मोसम अगदी भरात असतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास मागे घेतली जातात, त्याच सुमारास विमान कंपन्यांचे उन्हाळी वेळापत्रक संपते, युरोपातील इतर शहरांतून थेट बेटावर येणारी बरीच विमाने थांबतात, आणि विशेषतः दक्षिण किनाऱ्यावरील हॉटेले व खाणावळी एकेक करून बंद होऊ लागतात. त्यामुळे ‘दसऱ्यात क्रीटला जावे का’ या प्रश्नाचे उत्तर दरवर्षी वेगळे येते, हे मला त्या कागदामुळे प्रथमच कळले. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी त्या संस्थेची शिफारस करीन.

माझ्या यजमानांचा आग्रह ऑगस्टचा होता. इकडे पावसाची झड लागलेली असताना तिकडे कोरडे ऊन, हा त्यांचा हिशेब पावसापुरता बरोबरच होता, कारण क्रीटमध्ये जून ते ऑगस्ट पाऊस जवळजवळ पडतच नाही. वर्षाचा बहुतेक पाऊस नोव्हेंबर ते मार्च या काळात होतो आणि उत्तर किनाऱ्यावरील हेराक्लिओनला तो सगळा मिळून पाचशे मिलीमीटरच्या आसपास भरतो. आंबोलीत तेवढा पाऊस एखाद्या आठवड्यातच होऊन जातो. पण ऑगस्टमध्ये दुपारचे ऊन कडक असते, १५ ऑगस्टच्या मातामेरीच्या सणाला सारा ग्रीस सुट्टीवर असल्याने गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले असतात, आणि त्या दिवसांत उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सलग काही दिवस वाहत राहतो.

या वाऱ्याचे आपल्या पावसाशी असलेले नाते मला फार विलक्षण वाटले, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. उन्हाळ्यात दक्षिण आशियावर तयार होणारा कमी दाबाचा पट्टा इराणवरून थेट तुर्कस्तानपर्यंत पसरतो. त्याच वेळी बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त असतो. या दोहोंमधील फरकामुळे एजियन समुद्रावरून उत्तरेचा वारा जोराने वाहू लागतो. शिवाय मोसमी पावसाच्या प्रदेशात वर चढलेल्या हवेच्या प्रभावाने पूर्व भूमध्य समुद्रावर हवा खाली उतरत राहते आणि तिथे ढग धरत नाहीत. म्हणजे कणकुंबीला आणि आंबोलीला जो पाऊस कोसळतो, त्याच घडामोडीचे दुसरे टोक म्हणजे क्रीटचा कोरडा, वाऱ्याचा उन्हाळा. दरवर्षी जून उजाडला की आपण आकाशाकडे डोळे लावून बसतो, आणि इतक्या दूरच्या बेटावरचे कोळी त्याच हवेच्या दुसऱ्या टोकाशी झुंजत असतात, हे कळल्यापासून मी वर्गात मोसमी वारे शिकवताना नकाशा तुर्कस्तानपर्यंत उघडते.

उरले दोन पर्याय, मे आणि ऑक्टोबर. मे महिन्यात डोंगर फुलांनी भरलेले असतात, दिवस मोठा असतो आणि बेटाच्या पश्चिमेकडील श्वेत पर्वतांच्या माथ्यांवर थोडे बर्फही शिल्लक असते. परंतु समुद्र हिवाळ्यानंतर हळूहळू तापत असल्याने पाण्याचे तापमान १९–२० अंशांच्या पुढे फारसे गेलेले नसते. ऑक्टोबरमध्ये हवा आल्हाददायक, दुपारी २४ अंशांच्या आसपास, आणि उन्हाळाभर तापलेला समुद्र अजून २३ अंशांपर्यंत उबदार असतो. “बाई, मे पण चांगलाच आहे की, पण पोरीला पाण्यात उतरायचं आहे म्हणताय, तर दसऱ्यानंतर जावा,” असे त्या गृहस्थांनी सरळ सांगितले. वास्तविक मे महिन्यात दोन्ही कुटुंबांचे मिळून त्यांना अधिक काम मिळाले असते. एप्रिलविषयी त्यांनी आणखी एक सावधगिरीची सूचना दिली: ग्रीक ख्रिस्ती लोकांचा ईस्टर बहुतेक वर्षी इतरांहून वेगळ्या तारखेला येतो, २०२४ मध्ये तो ५ मे रोजी होता आणि २०२६ मध्ये १२ एप्रिलला आहे, आणि त्या आठवड्यात बोटी, विमाने भरलेली आणि पुष्कळ दुकाने बंद असतात. शेवटी आम्ही चौघांनी, म्हणजे मी, यजमान, नववीतील मुलगी आणि सासूबाई यांनी दसऱ्यानंतर जायचे, आणि बहिणीने मे महिन्यात वेगळे जायचे असे ठरले. मनाला रुखरुख लागली, तरी सल्ला योग्य होता.

व्हिसाच्या कामात संस्थेला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांना चालणाऱ्या सामाईक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ती मुदत पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकते, म्हणून त्यांनी जुलैमध्येच कागद मागवले. मोठ्या माणसामागे ९० युरो शुल्क, निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे उतारे, शाळेचे रजापत्र, सगळे त्यांनी क्रमाने लावून दिले. बोटांचे ठसे देण्यासाठी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरूला एक फेरी झाली. सासूबाईंना दोनदा हेलपाटा पडला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. ग्रीसमध्ये हॉटेलाच्या बिलाखेरीज खोलीमागे दर रात्रीचा एक सरकारी हवामान-कर भरावा लागतो, तो मोसमात जास्त आणि हिवाळ्यात कमी असतो, हेही त्यांनी आधीच लिहून दिले होते, त्यामुळे हॉटेलात हिशेब करताना कुठेही वाद झाला नाही.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. रोजचा कार्यक्रम त्यांनी मराठीत, ठळक टंकात छापून दिला होता. सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत. त्यांनी ती वही पिशवीत ठेवली, रोज सकाळी चष्मा लावून त्या दिवसाचे पान वाचले आणि कुठे उतरायचे, किती चालायचे हे त्या आम्हाला सांगू लागल्या. परदेशात वडीलधारी माणसे बहुधा मुलांच्या मागून मुकाट चालत असतात. आमच्या सासूबाईंना आपल्या भाषेतल्या त्या पंचवीस पानांनी पुढे चालवले.

मुक्कामाची वाटणीही विचारपूर्वक केलेली होती. क्रीट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आहे आणि हानिया ते हेराक्लिओन हे अंतरच गाडीने अडीच तासांचे आहे. म्हणून तीन रात्री हेराक्लिओनला आणि चार रात्री हानियाला ठेवल्या होत्या. हेराक्लिओनजवळचा क्नोसोसचा प्राचीन राजवाडा पहिल्या सकाळी उघडताक्षणीच पाहावा, कारण तिथे सावली कमी आणि सप्टेंबरपासून बंद होण्याची वेळही अलीकडे येत जाते, ही सूचना अचूक ठरली. आर्थर इव्हान्स यांनी १९०० मध्ये उत्खनन सुरू केलेली ती जागा आम्ही ऑक्टोबरच्या कोवळ्या उन्हात तीन तास निवांत हिंडलो आणि दुपारचे वस्तुसंग्रहालय थंडाव्यात पाहिले. शाकाहारी जेवणाची चिंता निराधार ठरली. पहिल्याच दिवशी ‘दाकोस’ नावाचा पदार्थ आला: सातूच्या पिठाची खडखडीत वाळवलेली जाड चकती, ती पाण्याचा हबका देऊन जराशी मऊ केलेली, तिच्यावर किसलेला टोमॅटो, चुरलेले पांढरे चीज आणि ऑलिव्हचे हिरवट तेल. सासूबाईंनी ती बोटांनी दाबून पाहिली आणि म्हणाल्या, “ही आपली कडक भाकरीच की गं.” उकडलेल्या रानभाज्याही मिळाल्या. आपल्याकडे टाकळा, कुर्डू आषाढ-श्रावणात येतात. तिकडे शरदातील पहिल्या पावसानंतर रान हिरवे व्हायला लागते आणि भाजी तोडायला बायका टोपल्या घेऊन निघतात.

आता उणे बाजू. संस्थेच्या कागदावर पाऊस होता, हवा होती, पाणी होते, वारा नव्हता. ऑगस्टचा मेल्तेमी त्यांनी सांगितला, पण ऑक्टोबरमध्ये वाऱ्याचा प्रश्न मिटतो असे धरून पुढचा सगळा कार्यक्रम आखला. हानियातील दुसऱ्या दिवशी बालोसच्या खाडीत जाण्यासाठी आम्ही सकाळी किसामोसच्या धक्क्यावर पोहोचलो. ऊन लखलखीत होते, आकाशात एकही ढग नव्हता, आणि तिकिटाच्या खिडकीवर कागद चिकटवलेला होता की आज बोट सुटणार नाही. लेक मला म्हणाली, “आई, एवढं छान ऊन आहे, मग का नाही?” खिडकीतल्या बाईंनी फक्त समुद्राकडे बोट दाखवले. लांबवर पाण्यावर पांढरे तुरे उठत होते आणि धक्क्याला बांधलेल्या होड्यांचे दोर ताणून करकरत होते. ग्रीसमध्ये वाऱ्याचा जोर बोफर्ट मापाने सांगतात. त्या दिवशीचा आकडा सात होता, म्हणजे ताशी पन्नास ते साठ किलोमीटर. बेळगावच्या माणसाच्या मनात खराब हवा म्हणजे पाऊस हे समीकरण पक्के असते, त्यामुळे स्वच्छ उन्हात खराब हवा असू शकते हे आम्हाला आधी कोणीतरी सांगणे जरुरीचे होते.

त्या दिवशी आम्हाला सावरले ते हानियातील आमच्या घरमालकीणबाईंनी. वारा उत्तरेचा असेल तर डोंगर ओलांडून दक्षिणेला जायचे आणि दक्षिणेचा असेल तर उत्तर किनाऱ्यावर थांबायचे, एवढा साधा नियम त्यांनी सांगितला आणि आम्हाला सुयिया या गावी पाठवले. दीड तासाच्या वळणावळणाच्या रस्त्याने तिथे उतरलो, तर समुद्र तळ्यासारखा शांत होता. अधूनमधून डोंगरावरून वाऱ्याचा एखादा झोत येई, एवढेच. लेकीने तीन तास पाण्यात काढले. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर छापायला हवा होता.

दुसरी चूक अधिक गंभीर होती आणि तिची भरपाई झाली नाही. सामारियाची घळ पायी उतरणे हे लेकीचे या प्रवासातील मोठे स्वप्न होते. ओमालोसच्या पठाराजवळ, सुमारे बाराशे मीटर उंचीवर वाट सुरू होते आणि सोळा किलोमीटर उतरत समुद्रावर पोहोचते. एका ठिकाणी शेकडो फूट उंच कडे एकमेकांपासून अवघ्या तीन-चार मीटरांवर येतात. १९६२ पासून तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान आहे आणि घळ साधारण मेच्या आरंभापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच खुली असते. त्यासाठी ती आणि तिचे बाबा तीन महिने दर रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड चढत-उतरत होते. संस्थेने हा दिवस ठेवला परतीच्या आदल्या दिवशी, सर्वांत शेवटी, “गोड शेवट व्हावा म्हणून.” आदल्या संध्याकाळी कळले की पावसाच्या अंदाजामुळे उद्या घळ बंद राहील. पावसात कड्यांवरून दगड निसटतात आणि ओढ्याला एकाएकी पूर येतो, म्हणून उद्यानाचे लोक धोका पत्करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. शिवाय खालच्या आगिया रूमेली या गावाला मोटारीचा रस्ताच नाही. तिथून बोटीने बाहेर पडावे लागते. म्हणजे घळ उघडी हवी आणि समुद्रही शांत हवा, अशा दोन अटी जुळल्या तरच तो दिवस पार पडतो. अशा दिवसासाठी निदान दोन राखीव दिवस हाताशी असायला हवे होते. मुक्कामाच्या पहिल्याच दिवसांत तो ठेवला असता, तर एकदा हुकला तरी पुन्हा जाता आले असते. बूट भरून ठेवताना लेक काही बोलली नाही, पण रात्री उशिरापर्यंत खिडकीशी उभी राहून ढगांकडे बघत होती, ते मला अजून आठवते.

कपड्यांच्या सूचनेतही हीच उणीव होती. संपूर्ण बेटासाठी ‘गोव्यापेक्षा थोडे थंड’ एवढेच लिहिले होते. क्रीटचे मधले डोंगर आपल्या कळसूबाईहून कितीतरी उंच आहेत; प्सिलोरितिसचे शिखर २४५६ मीटरांचे आहे. पश्चिमेकडील डोंगर पाऊस अडवतात आणि पूर्वेचा भाग कोरडा राहतो. आपल्या एकाच जिल्ह्यात पावसाळी कणकुंबी आणि कोरडी अथणी यांच्या हवेत केवढा फरक असतो हे बेळगावच्या संस्थेला सांगावे लागू नये. ओमालोसच्या पठारावर आम्ही नंतर सहज म्हणून गेलो, तेव्हा सासूबाईंना गाडीतून उतरवलेही नाही, इतका गारठा होता.

अडचणीच्या वेळी संस्था फोनवर उपलब्ध होती, हे मान्य केले पाहिजे. ऑक्टोबरमध्ये ग्रीस आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. बोट रद्द झाली त्या सकाळी त्यांनी तासाभरात तिकिटाचे पैसे परत मिळवण्याची व्यवस्था केली. परत आल्यावर मी कार्यालयात जाऊन सगळे सांगितले. त्या गृहस्थांनी मध्ये न बोलता ऐकले, वहीत टिपून घेतले आणि म्हणाले, “बाई, आमचं चुकलंच. पाऊस बघितला, वारं बघितलं नाही.” आराखड्याच्या शुल्कातील तीन हजार रुपये त्यांनी न मागता परत केले. मला त्या पैशांपेक्षा ते टिपून घेणे मोलाचे वाटले.

ज्यांना येत्या दसऱ्याला जायचे आहे त्यांनी एक लक्षात घ्यावे. २०२६ मध्ये दसरा २० ऑक्टोबरला आणि युरोपातील घड्याळे मागे घेण्याचा, महिन्याचा शेवटचा रविवार २५ ऑक्टोबरला येतो. सोने वाटून मग निघायचे म्हटले, तर बेटावर पोहोचेपर्यंत मोसम आवरायला लागलेला असेल. घळ आणि दक्षिणेकडील गावे करायची असतील तर सुट्टीच्या आरंभीच निघावे आणि घटांची व्यवस्था घरी कोणावर तरी सोपवावी. केवळ हेराक्लिओन, हानिया, वस्तुसंग्रहालये आणि जेवणखाण एवढाच बेत असेल, तर दसऱ्यानंतर गेल्यानेही काही अडणार नाही. २८ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनी सरकारी संग्रहालयांना प्रवेश विनामूल्य असतो.

बहिणीचा मे महिन्याचा आराखडा सध्या याच संस्थेत तयार होतो आहे. मागच्या आठवड्यात त्याचा कच्चा कागद मी पाहिला. खालच्या बाजूला वाऱ्याची नवी ओळ आली आहे, बोटीच्या प्रत्येक दिवसासमोर पर्यायी गाव लिहिले आहे, आणि सामारियाची घळ दुसऱ्या दिवशी असून तिच्यानंतरचे दोन रकाने कोरे सोडलेले आहेत. माझी लेक मावशीबरोबर पुन्हा जाणार आहे. राजहंसगडाच्या फेऱ्या तिने परवाच्या रविवारपासून सुरू केल्या.